सूप, सार आणि एक वही : पाककृतीच्या भाषेचा एक विचार

१

मराठीत ‘सूप’ या एकाच ध्वनिरूपात आज तीन निरनिराळे शब्द नांदत आहेत. धान्य पाखडण्याचे सूप हे संस्कृत ‘शूर्प’ या शब्दाचे तद्भव रूप होय. दुसरे सूप संस्कृतातून जसेच्या तसे आलेले असून त्याचा अर्थ शिजवलेली डाळ किंवा तिचे कालवण असा आहे. तिसरे सूप इंग्रजीच्या द्वारे आले. ते इंग्रजीत फ्रेंचमधून गेले, आणि त्याच्या मुळाशी ‘रसात बुडवलेला पावाचा तुकडा’ हा अर्थ असून तो शब्द मूळचा जर्मानिक असावा असे व्युत्पत्तिकार मानतात. दुसऱ्या व तिसऱ्या शब्दांचे उच्चारसाम्य आणि अर्थसान्निध्य पाहून त्यांची सोयरीक जुळवण्याचा मोह विद्यार्थ्यांना वारंवार होतो. परंतु ते साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. खरे नाते शोधावयाचे तर ते ‘यूष’ या शब्दापाशी शोधावे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील एकशे बासष्टाव्या सूक्तात ‘यूषन्’ हा शब्द मांसाच्या रश्शासाठी आला आहे, आयुर्वेदात मुगाचा यूष प्रसिद्ध आहे, आणि लॅटिनमधील रसवाचक ‘यूस’ हा त्याचा सगोत्र शब्द होय. त्याच लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘ज्यूस’ निघाला. म्हणजे सूपाचे सूपाशी नाते नाही, पण यूषाचे ज्यूसशी आहे.

संस्कृतातील सूप हा साधा शब्द नव्हता. अमरकोशात स्वयंपाक्याच्या पर्यायांत ‘सूपकार’ आणि ‘बल्लव’ हे शब्द एकत्र येतात. विराटाच्या घरी आचारी होऊन राहिलेल्या भीमाने बल्लव हेच नाव घेतले होते. डाळ शिजवणारा तो सूपकार आणि सूपकार म्हणजेच एकूण स्वयंपाकी, असा अर्थविस्तार येथे झालेला दिसतो. हा विस्तृत अर्थ मराठीत एकोणिसाव्या शतकापर्यंत समजत होता. रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी १८७५ साली पाकक्रियांचे पुस्तक छापले तेव्हा त्याचे नाव ‘सूपशास्त्र’ असे ठेवले, आणि ते वाचून कोणा वाचकास पाश्चात्त्य पद्धतीच्या रसाची आठवण झाली असेल असे वाटत नाही. आज हेच नाव उच्चारले तर पदव्युत्तर वर्गातही हशा पिकतो. दीडशे वर्षांत एका शब्दाने आपली जागा दुसऱ्यास दिली, आणि ही घटना आपल्या स्वयंपाकघरांत घडली.

पाणिनीच्या एका सूत्राचाही येथे उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, ‘प्रति’ हे अव्यय ‘थोडेसे’ या अर्थी असता अव्ययीभाव समास होतो असे सांगितले आहे, आणि काशिकावृत्तीने त्याची उदाहरणे ‘शाकप्रति’ व ‘सूपप्रति’ अशी दिली आहेत. सूपप्रति म्हणजे अल्पसे वरण. किती अल्प, हे वैयाकरण सांगत नाही. हा ‘किती’ हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

ज्या साधनावरून हा विचार सुचला ते साधन सांगितले पाहिजे. धरमपेठेतील आमच्या घरी एक वही आहे. ती प्रस्तुत लेखिकेच्या आजेसासूबाईंची. त्यांनी ती १९५७ साली लिहावयास घेतली आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षे तीत अधूनमधून भर घातली. मासिकांतून उतरवलेल्या, शेजारणींनी सांगितलेल्या आणि क्वचित आकाशवाणीवर ऐकलेल्या साठ-बासष्ट पाककृती तीत आहेत. त्यांत अठराव्या पानावर ‘टोमॅटोचे सूप’ आहे. ही कृती त्यांनी एका मासिकातून शब्दशः उतरवली होती, आणि पुढे तिच्याभोवतीच्या मोकळ्या जागेत निरनिराळ्या शाईंनी टिपा लिहिल्या होत्या. मूळ कृती दहा ओळींची आहे. टिपा चौदा ओळींच्या भरतात.

लेखिका लग्न होऊन साताऱ्याहून नागपुरास आली तेव्हा तिला या घरात पहिली अडचण आली ती शब्दांची. येथे कोथिंबिरीस सांबार म्हणतात, उलथण्यास सराटा म्हणतात, एका जातीच्या पातेल्यास गंज म्हणतात आणि जुनी माणसे टोमॅटोस भेदरे म्हणतात. पाककृतींची छापील पुस्तके व मासिके बहुधा पुण्यामुंबईची. त्यामुळे नागपूरची गृहिणी ती वाचताना मनातल्या मनात एक भाषांतर सतत करीत असते. वहीत ‘कोथिंबीर’ असे लिहिलेले आहे, परंतु आजी ती कृती कोणास वाचून दाखवीत तेव्हा ‘सांबार’ असेच वाचीत. लिहिताना प्रमाणभाषा आणि वाचताना बोली, हा व्यवहार त्यांच्या लेखी इतका स्वाभाविक होता की लक्षात आणून दिल्यावर त्यांनाच त्याचे नवल वाटले.

३

पाककृती हा मजकुराचा एक स्वतंत्र प्रकार आहे आणि त्याला स्वतःचे व्याकरण आहे. इंग्रजी ‘रेसिपी’ हा शब्द मुळात लॅटिन आज्ञार्थ आहे. त्याचा अर्थ ‘घे’ असा असून तो वैद्याच्या औषधपत्राच्या आरंभी लिहिला जात असे. युरोपीय पाककृती अशी वैद्याच्या आज्ञेतून निघाली. मराठी पाककृतीची वाट निराळी आहे. जुन्या पुस्तकी वळणाची पाककृती आज्ञा करीत नाही. ती विध्यर्थात बोलते. ‘डाळ शिजवावी’, ‘मीठ घालावे’, ‘फोडणी द्यावी’. या वाक्यांत कर्ता नाही. क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. डाळ स्त्रीलिंगी म्हणून ‘शिजवावी’, मीठ नपुंसकलिंगी म्हणून ‘घालावे’. मोरो केशव दामले यांनी आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात विध्यर्थाच्या अनेक छटांचा विचार केला आहे. कर्तव्य, योग्यता, शक्यता व इच्छा या सर्वांना हे एकच रूप पुरते. ‘साखर घालावी’ या वाक्यात ‘घातलीच पाहिजे’ आणि ‘घातल्यास बरे’ हे दोन्ही अर्थ संभवतात. स्वयंपाक करणाऱ्या बाईला मिळणारे स्वातंत्र्य असे क्रियापदाच्या रूपातच अंतर्भूत झालेले असते.

पुढे छापील पाककृतींत ‘घाला’, ‘ढवळा’ असा सरळ आज्ञार्थ रूढ झाला. तोंडी सांगताना मात्र सर्वत्र ‘घालायचे’, ‘ढवळायचे’ असे रूप येते. आणि स्वतःसाठी केलेल्या टिपणात आणखी एक रूप आढळते, ते ‘-णे’ प्रत्ययाचे : ‘बेसन लावणे’, ‘गाळून घेणे’. आजींच्या वहीत ही रूपे एकाच पानावर एकत्र आली आहेत. मासिकातून उतरवलेला मजकूर विध्यर्थात आहे, टिपा ‘-णे’ने संपतात. त्यामुळे शाई फिकी झाली तरी कोणते वाक्य मासिकाचे आणि कोणते आजींचे हे प्रत्ययावरून ओळखता येते. हस्तलिखितांच्या संशोधनात प्रक्षेप ओळखण्याची जी रीत आपण शिकवतो तीच येथे उपयोगी पडते.

४

आता ‘किती’ या प्रश्नाकडे वळू. इंग्लंडात एलायझा ॲक्टन हिने १८४५ च्या आपल्या पुस्तकात जिन्नसांची मापे व लागणारा वेळ प्रत्येक कृतीअखेर स्वतंत्रपणे नोंदवण्याचा उपक्रम केला, आणि अमेरिकेत फॅनी फार्मर हिच्या १८९६ च्या पुस्तकाने सपाट भरलेल्या चमच्याचे व पेल्याचे माप रूढ केले. मराठीतही पाकपुस्तकांची परंपरा अखंड आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० चे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी व चमचा ही घरातलीच मापे प्रमाण मानली, आणि त्या पुस्तकाच्या लोकप्रियतेचे मोठे श्रेय या निवडीस दिले जाते.

वाटीचा हा निर्णय किती शहाणपणाचा होता ते आजींच्या वहीवरून कळते. ती वही मापांच्या संक्रमणकाळातील आहे. तोपर्यंत शेर हा ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा, आणि छटाक हा त्याचा सोळावा हिस्सा, म्हणजे सुमारे ५८ ग्रॅमचा होता. धान्य मापून घ्यावयाचे तर चिपटे, मापटे, अधोली व पायली ही मापे निराळीच. १९५६ च्या कायद्यानुसार मेट्रिक वजने ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल १९६२ पासून त्यांचा वापर सक्तीचा झाला. सूपाच्या कृतीत मुळात ‘अर्धा शेर टोमॅटो’ असे होते. आजींनी ‘शेर’ खोडून वर ‘किलो’ लिहिले. म्हणजे अर्ध्या शेराचा अर्धा किलो झाला आणि ३३ ग्रॅम टोमॅटो वाढले. ‘एक छटाक लोणी’ या ठिकाणी त्यांनी प्रथम ‘५८ ग्रॅम’ असे लिहिले, मग तेही खोडले आणि ‘लिंबाएवढे’ असे लिहिले. तीन मापपद्धती एका ओळीत आल्या आणि अखेर जिंकले ते लिंबू.

हा अडाणीपणा नव्हे. आपल्या पारंपरिक पाककृतीत वजनापेक्षा अवस्थेचे माप अधिक महत्त्वाचे असते. ‘मोहरी तडतडेपर्यंत’, ‘कांदा गुलाबी होईपर्यंत’, ‘कच्चा वास जाईपर्यंत’, ‘तेल सुटेपर्यंत’. ‘-पर्यंत’ या शब्दयोगी अव्ययाने संपणारी ही उपवाक्ये म्हणजे मराठी स्वयंपाकाची खरी मापे होत. ती कानाने, डोळ्याने व नाकाने घ्यावयाची असतात. ‘चवीपुरते’ हा शब्दही याच जातीचा. त्यात परिमाण नाही, पण अनिश्चितताही नाही. कारण कोणाच्या चवीपुरते हे त्या घरात सर्वांना ठाऊक असते. आजींना एकदा विचारले, “आजी, मीठ किती?” त्या म्हणाल्या, “किती म्हणजे? लागेल तेवढं. आणि तू काय लिहून राहिली, बाई? इकडं पाहा.”

‘लिहून राहिली’ हा नागपुरी प्रयोग चालू क्रिया दाखवतो. मी लिहून राहिले होते, आणि पाहावयाचे तेवढे पाहत नव्हते.

५

सूपाच्या कृतीत पुढीलप्रमाणे सांगितले होते. टोमॅटो, कांदा व गाजर शिजवून गाळून घ्यावे. लोण्यात एक चमचा मैदा परतावा, त्यात दूध घालून ते दाट करावे. मग टोमॅटोचा रस थोडा थोडा घालावा. असल्यास सेलरीची काडी टाकावी. आजींनी सेलरीऐवजी सांबाराच्या काड्या घेतल्या. येथवर केवळ पदार्थाच्या जागी पदार्थ आला. मैद्याचे मात्र त्यांना प्रयोजन दिसेना. दूध आहे, लोणी आहे, मग मैदा कशाला, असे म्हणून त्यांनी तो गाळला. टीप अशी आहे : ‘मैदा नाही घातला. दूध फाटले. गाळून, जिऱ्याची फोडणी देऊन वाढले. पाहुण्यांनी सार म्हणून घेतले.’

दूध का फाटले हे आज आपण सांगू शकतो. टोमॅटो आम्ल आहे. आम्लाने दुधातील केसिन हे प्रथिन गोळा होते, आणि उष्णतेने ती क्रिया त्वरेने घडते. पिठातील स्टार्च शिजून दाट झाला म्हणजे प्रथिनाचे कण एकमेकांस चिकटण्यास आडकाठी होते. मैद्याचे काम केवळ दाटपणा आणण्याचे नव्हते, ते राखणदाराचे होते. मासिकातील कृतीने मैदा घालावयास सांगितले, परंतु का घालावयाचा हे सांगितले नाही. ज्या वाचकवर्गासाठी ती कृती प्रथम लिहिली गेली त्याला ते ठाऊक असल्यामुळे सांगण्याची गरज नव्हती. कृती परप्रांती गेली तेव्हा तिच्याबरोबर हे गृहीत ज्ञान गेले नाही.

यानंतरची टीप निळ्या शाईत आहे आणि ती या वहीतील सर्वांत महत्त्वाची ओळ आहे असे मला वाटते : ‘दुधाला आधी बेसन लावणे. मग फाटत नाही.’

बेसन कोठून आले? मासिकात त्याचा उल्लेख नाही. उत्तर क्रियापदात आहे. मराठीत पीठ पातळ पदार्थात ‘घालतात’, ‘कालवतात’ किंवा ‘मिसळतात’. परंतु कढी करताना ताकाला बेसन ‘लावतात’. ताक तापवले की फुटते आणि बेसन लावले की फुटत नाही, हा कढीचा नियम होय. आजींनी दुधाला बेसन ‘लावले’ असे लिहिले तेव्हा त्यांनी नकळत आपल्या युक्तीचा उगम सांगून ठेवला. मैदा का हवा हे त्यांना मासिकाने सांगितले नाही. ते त्यांना कढीने सांगितले.

ऐनवेळी मनाने केलेल्या बदलास आपण सहसा नियमभंग समजतो. येथे नियम मोडला गेला नसून एका पदार्थाचा नियम दुसऱ्यास लागू केला गेला आहे. भाषेत परकी शब्द आला म्हणजे हेच घडते. इंग्रजी ‘सूप’ मराठीत आले ते नपुंसकलिंगी झाले, आणि सामान्यरूप होताना ‘फूल-फुलाचे’, ‘मूल-मुलाचे’ याप्रमाणे त्याचा ऊकार ऱ्हस्व होऊन ‘सुपाचे’, ‘सुपात’ अशी रूपे सिद्ध झाली. कोणी हे ठरवले नाही. बोलणाऱ्याच्या अंगी मुरलेल्या व्याकरणाने ते केले. शब्दाला ‘फूल’ शब्दाचे व्याकरण लागले, पदार्थाला कढीचे. उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. तमिळमधील ‘मिळगु तण्णीर’, म्हणजे मिऱ्यांचे पाणी, हे इंग्रजांच्या हाती पडून ‘मलिगाटॉनी’ या नावाचे दाट सूप झाले. मद्रासेत राहणाऱ्या कर्नल केनी-हर्बर्ट यांनी १८७८ साली हिंदुस्थानातील युरोपीय घरांसाठी पाकपुस्तक लिहिले, तोवर ते सूप त्यांच्या जेवणात रुळून गेले होते. पातळ साराचे त्यांनी दाट सूप केले, आणि धरमपेठेत दाट सुपाचे पातळ सार झाले. प्रत्येकाने आपापले व्याकरण चालवले.

६

आता या वहीतील एका अभावाकडे लक्ष वेधावयाचे आहे. तीत टोमॅटोचे सूप आहे, बिनअंड्याचा केक आहे, नानकटाई आहे, इडली आहे, म्हैसूरपाक आहे. गोळाभात नाही, पाटवडीचा रस्सा नाही, सांबारवडी नाही आणि ज्या भेदऱ्याच्या सारासाठी त्या नातलगांत प्रसिद्ध होत्या ते सारही नाही. कारण उघड आहे. जे येत नव्हते ते त्यांनी लिहिले. जे येत होते ते लिहिण्याची त्यांना आवश्यकता वाटली नाही. केवळ या वहीवरून कोणी भावी संशोधकाने धरमपेठेतील या घरच्या जेवणाचा इतिहास लिहिला तर येथील माणसे केक व सूप खाऊन राहत होती असा निष्कर्ष निघेल.

हा दोष या एका वहीचा नाही. लेखी पुरावा हा पुष्कळदा अपरिचिताचा पुरावा असतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात अन्नभोगाचे सविस्तर वर्णन आहे. परंतु ते राजाच्या पानाचे वर्णन आहे. त्याच काळी सामान्य माणूस रोज काय जेवत होता याविषयी ग्रंथ बोलत नाहीत. कोशकारांनाही हा अनुभव येतो. दुर्मिळ शब्दाची नोंद प्रथम होते आणि रोजचा शब्द, तो रोजचा असल्यामुळेच, निसटून जातो. म्हणून अशा साधनांतील मौन हे पदार्थ नसल्याचा पुरावा मानू नये. मौन हे कित्येकदा परिचयाचे गमक असते.

आजी २०११ साली गेल्या. त्यानंतर ते सार आमच्या घरी तसे झाले नाही. लेखिकेने ते अनेकदा करून पाहिले. त्यात पडणारे जिन्नस सर्वांना पाठ आहेत. भेदरे, जिरे, थोडा गूळ, सांबार, तुपाची फोडणी. उणीव जिन्नसांची नाही, क्षणांची आहे. गंज केव्हा उतरवावयाचा, फोडणी कोणत्या वासावर ओतावयाची, हे आजींना विचारले गेले नाही. विचारले गेले ते ‘किती’, आणि त्या प्रश्नास त्यांच्यापाशी उत्तर नव्हते, कारण त्या पदार्थाचे ज्ञान त्या आकारात साठवलेलेच नव्हते. चूक उत्तर देणारीची नव्हती, विचारणारीची होती. आणि विचारणारी भाषाशास्त्राची पदवीधर होती, ही गोष्ट येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. सासरे ते सार मुकाट्याने जेवतात आणि ‘चांगलं झालं’ म्हणतात. ते दुसऱ्यांदा मागत नाहीत, यावरून काय समजावयाचे ते समजते.

या अनुभवावरून क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली ही की, माहितगार स्त्रीस ‘किती घालता’ असे न विचारता ‘केव्हा थांबता’ असे विचारावे. ‘-पर्यंत’ची उपवाक्ये आपोआप मिळू लागतील. दुसरी ही की, ‘अमुक जिन्नस नसेल तर काय घालता’ आणि ‘बिघडले तर काय करता’ हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. नियम पाळला जात असताना दिसत नाही, तो अडचणीत दिसतो. आजींच्या वहीत दूध फाटले नसते तर कढीचा नियम आपल्यास कळलाच नसता. तिसरी सूचना ही की, उत्तर ऐकताना क्रियापद जसे उच्चारले गेले तसेच उतरवावे. ‘लावणे’ याच्या जागी आपण ‘मिसळणे’ असे शुद्ध करून लिहिले तर पुरावाच नष्ट होईल. बोलीतील नामांची यादी करण्याची प्रथा आपल्याकडे आहे. सांबार व सराटा हे शब्द बहुतेक संग्रहांत सापडतात. क्रियापदे कोणत्या पदार्थासंगे कोणती येतात याची नोंद मात्र सहसा कोणी करीत नाही.

धरमपेठेतील जुने बंगले पाडून तेथे सदनिका उभ्या राहत आहेत. घर रिकामे करताना दागिने, कागदपत्रे व छायाचित्रे जपली जातात; स्वयंपाकघरातल्या फळीवरची तेलकट वही रद्दीत जाते. ज्यांनी शेर व छटाक वापरून स्वयंपाक केला त्या स्त्रिया आता ऐंशीच्या पुढे आहेत. विभागातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील अशी एक वही आणि ती लिहिणारी किंवा ती वापरलेली एक व्यक्ती शोधली, वहीत जे आहे ते उतरवले आणि वहीत जे नाही ते विचारले, तर मराठीच्या इतिहासाला एक नवे साधन लाभेल. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.